ज्याचा कापूस त्याच्या घरी

आम्ही पिंजारी. जुन्या गादीतला दबलेला कापूस काढायचा, पिंजून फुलवायचा आणि पुन्हा त्याच गादीत भरून द्यायचा, हे आमच्या घरचं काम. आजोबा खांद्यावर पिंजायची कमान टाकून गावोगाव फिरायचे. अब्बांनी औशात लातूर रोडला पत्र्याचं दुकान टाकलं आणि विजेवर चालणारं मशीन बसवलं. घरात आम्ही दखनी बोलतो. दुकानात अब्बा गिऱ्हाइकांशी औशाची मराठी बोलायचे. मी झेडपीच्या मराठी शाळेत शिकले, त्यामुळे मला मनातलं लिहिता येतं ते मराठीतच, घरचं बोलणंही.

अब्बांना लिहिता-वाचता येत नाही. दुकानात वही नव्हती, पावती नव्हती. प्रत्येक घरचा कापूस त्या घरच्याच जुन्या लुगड्यात किंवा चादरीत बांधून यायचा आणि ते कापड हीच त्याची ओळख. गादी उसवायची ती घरच्या माणसासमोर, भरून शिवायची तीही त्याच्यासमोर. या घरचा मूठभर कापूस त्या घरच्या गादीत गेला तर अब्बांच्या लेखी ती चोरीच. "ज्याचा कापूस त्याच्या घरी," ते म्हणायचे. गादीत कधी पिना निघायच्या, कधी नाणी, एकदा तर चांदीचं जोडवं निघालं. अब्बांनी ते सायकलवर जाऊन पाच कोसांवरच्या गावात परत दिलं. त्या बाईनं ते हरवलं म्हणून सासूची बोलणी खाल्ली होती. सासू वारली, मग जोडवं सापडलं.

कापूस किती वर्षं टिकतो, असं कोणी विचारलं की अब्बांना आवडायचं. दर दोन-तीन वर्षांनी पिंजायचा, थोडा नवा मिसळायचा. धागा आखूड होत गेला की गादीतून काढून उशीत भरायचा. उशीतही गोळे व्हायला लागले की दाराच्या फटी बुजवायला, बाळाच्या पाळण्यात खाली घालायला. अगदीच भुगा झाला की उकिरड्यावर. "तिथून पुन्हा शेतात. शेतातून पुन्हा माझ्याकडं," असं म्हणून ते छातीवर हात ठेवायचे.

नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सरांनी फळ्यावर एक गोल काढला, त्याला बाण जोडले आणि वस्तू बनवतानाच ती पुन्हा कशी वापरता येईल याचा विचार कसा करायचा ते समजावून सांगितलं. वर्गात सगळे उतरवून घेत होते. माझी वही तशीच राहिली. माझे वडील रोज हेच करतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोवर कोणी विचारलं तर मी 'वडिलांचं दुकान आहे' एवढंच सांगत असे. त्या सरांचे माझ्यावर उपकार आहेत. आणि दहावीनंतर आमच्या घरी येऊन, जमिनीवर बसून, अब्बांना "हिला थांबवू नका" म्हणणाऱ्या शाळेतल्या बाईंचे तर त्याहून जास्त. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. अब्बांनी पदवीची गुंडाळी उघडून पाहिली, उलटी धरली होती, आणि बराच वेळ पाहत राहिले.

एम.एस्सी. झाल्यावर मी नांदेडच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर पर्यावरण शिकवू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नसत, म्हणून मी औशाला यायची. तेव्हा दुकानात काम फार उरलं नव्हतं. लोक फोमच्या गाद्या घेऊ लागले होते. फोम दबला की पिंजता येत नाही, टाकूनच द्यावा लागतो. अब्बा दुकान उघडून बसायचे, मशीनला तेल द्यायचे, पुसायचे आणि दुपारी बंद करायचे. मला ते बघवत नव्हतं.

अशाच एका मे महिन्यात कामानं मी लातूरला गेले होते. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली मुलं परीक्षा संपवून गावी गेली होती आणि क्लासच्या भागातली वसतिगृहं रिकामी झाली होती. एका वसतिगृहाच्या मागच्या बाजूला गाद्यांचा डोंगर पडलेला दिसला. दोन वर्षंही वापरलेल्या नसतील. तिथला वॉचमन काडेपेटी हातात घेऊन उभा होता.

मी म्हणाले, "काका, जाळू नका. हे मी नेते."

"न्या की ताई, न्या. लगीन हाय का घरात? वऱ्हाड झोपंल समदं," तो हसला. "तेवढाच माझा धूर वाचला."

मी एका गादीच्या कडेला शिवलेलं लेबल वाचलं. शंभर टक्के कॉटन. मला वाटलं, फळ्यावरचा तो गोल आता माझ्याच हातानं पूर्ण होणार. वसतिगृहाच्या गाद्या, अब्बांचं मशीन, गरिबांच्या घरी गाद्या. टेम्पो ठरवूनच मी औशाला परतले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, औशापुढच्या एका खेड्यातल्या मावशी दुकानात आल्या. त्या अब्बांच्या जुन्या गिऱ्हाईक. अंगणवाडीत मदतनीस होत्या. डोक्यावर हिरव्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"जय भीम, भाऊ. अजून हायसा व्हय? मला वाटलं दुकान इकून खाल्लं आसंल."

"इकायला बी गिऱ्हाईक लागतंय, ताई," अब्बा म्हणाले. "बसा. पोरीचं काय म्हणतंय?"

त्यांची मुलगी नर्स झाली होती. नांदेडच्या एका दवाखान्यात लागली होती आणि बुधवारी तिथं खोली घेऊन राहायला जाणार होती. तिला द्यायला मावशींनी आपल्या लग्नातली गादी उसवून आणली होती. त्या गादीची गोष्ट अब्बांना माहीत होती, मला मावशींनी सांगितली. त्यांच्या आईकडं तुकडाभर जमीन नव्हती. दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची. शेवटची वेचणी झाली की झाडांवर कुठं कुठं अर्धी उघडलेली बोंडं राहतात, ती मालक वेचणाऱ्या बायांना घेऊ द्यायचे. आईनं ती ओटीत घालून आणायची, घरी बसून हातानं सरकी काढायची आणि कापूस मडक्यात साठवायचा. अशी चार सुगी गेली तेव्हा लेकीच्या लग्नाला एक गादी झाली. ती गादी अब्बांनीच भरली होती, तेव्हा अब्बांचंही नुकतंच लग्न झालं होतं. लुगडंही त्या आईचंच. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

"पोरगी म्हणती, आई, फोमची घेऊ," मावशी म्हणाल्या. "म्या म्हणलं, फोम घे की तुझ्या पगारातून. पैली झोप माझ्या मायच्या गादीवर घे."

त्या दिवशी वीज नव्हती. अब्बांनी त्यांना थांबवून घेतलं, चहा पाजला, पण वीज काही आली नाही. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा मावशी उठल्या. "ऱ्हाऊ द्या इथंच. सोमवारी येते, तवा माझ्यासमोर पिंजा." अब्बांना दुसऱ्याचं गाठोडं मुक्कामी ठेवायला आवडत नसे. पण एवढं ओझं पुन्हा डोक्यावर देऊन तिला पाठवायचं कसं, म्हणून त्यांनी ते मशीनपासून लांब, कोपऱ्यातल्या फळीवर ठेवलं.

शनिवारी टेम्पो आला. गाद्यांनी दुकान भरलं, पायरीवरही आल्या. जागा करताना फळीवरचं गाठोडं मीच उचललं आणि मशीनमागं गाद्यांच्या थप्पीवर ठेवलं. अब्बांनी पाहिलं. "ते तिथं नको," ते म्हणाले. मी म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

मग त्यांनी एक गादी ओढली आणि खोळीवरूनच अंगठा आणि बोट लावून आतलं दाबून पाहिलं. दुसरीकडून पाहिलं. खोळ थोडी उसवून एक पुंजका काढला, पांढराच होता. तो ते बोटांत फिरवत राहिले.

"ह्यात कायतरी येगळं लागायलंय."

"अब्बा, लेबलवर लिहिलंय. शंभर टक्के कापूस."

"शंभर टक्के म्हंजी?"

"म्हणजे सगळाच कापूस. दुसरं काही नाही."

अनोळखी कापूस आला की अब्बा त्याची वात करून काडी लावायचे. खरा कापूस कागदासारखा जळतो, त्याची राख बोटानं उडते. भेसळीचा जळताना आक्रसतो आणि मागं कडक मणी राहतो. त्यांचा हात खिशातल्या काडेपेटीकडं गेलाही होता. मी लेबल त्यांच्यासमोर धरलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं. मला तेव्हा मजा वाटत होती. त्यांनी हात खिशातून रिकामाच काढला.

"लिहिलंय म्हंजी आसंल," ते म्हणाले. "तू वाचायलीस ना."

रविवारी सकाळपासून आम्ही दोघं कामाला लागलो. सोमवारी मावशी यायच्या आत जागा मोकळी करायची, असं अब्बांचं म्हणणं होतं. पहिल्या दोन गाद्या बऱ्या निघाल्या. तिसरीत वरचा थर पांढरा होता आणि आत कडक बोळे. घरच्या कापसातही बोळे असतात, ते मशीनमध्येच सुटतात. आणि हा तर सगळाच कापूस होता, मी वाचलं होतं. आम्ही बोळे न फोडता मशीनमध्ये टाकत गेलो.

ते बोळे कापसाचे नव्हते. कुठल्यातरी कारखान्यात जुने कपडे फाडून केलेल्या चिंध्यांचे होते. एकात पँटचं पितळी बटण होतं. ते मशीनच्या दात्यांत गेलं, कर्रकन आवाज आला, ठिणगी उडाली आणि उडणाऱ्या कापसानं क्षणात पेट घेतला.

अब्बांनी मशीनचं बटण बंद केलं. मी ड्रममधलं पाणी ओतलं. शेजारच्या पंक्चरवाल्या काकांनी बादल्या आणल्या. पेटलेली गादी आम्ही ओढून रस्त्यावर टाकली. जेमतेम पाच मिनिटांत सगळं विझलं. मशीनचा पट्टा जळाला होता, भिंतीचा पत्रा काळा झाला होता, अब्बांच्या हाताला थोडं भाजलं होतं. आम्ही बाहेर पायरीवर बसलो. पंक्चरवाल्या काकांनी चहा आणला.

"वाचलासा," ते म्हणाले. "येवढ्या कापसात कायबी झालं आसतं."

"वाचलाव," अब्बा म्हणाले, आणि खोकत राहिले. तो चहा मला आजही आठवतो. इतका निवांत चहा मी फार कमी वेळा प्यायले आहे.

कापसाची आग मी कधी पाहिली नव्हती. अब्बांनी लहानपणी पाहिली होती, पण आता खोकल्यानं ते बेजार झाले होते, त्यांनाही ते सुचलं नाही. कापसाची आग ज्वाळा विझल्या तरी विझत नाही, आत शिरते. बाहेरून कापूस शाबूत दिसतो आणि गाभ्यात निखारा चालत राहतो. तासाभरानं अब्बांनी मान वर केली, हवा हुंगली आणि काही न बोलता आत धावले. हिरवं गाठोडं वरून थप्पीवर जसं ठेवलं होतं तसंच दिसत होतं. फक्त खालच्या बाजूनं धुराची एक बारीक रेघ येत होती. अब्बांनी त्याला हात लावला आणि हात आत गेला. आत काळा भुगा होता. चार सुगींचा कापूस आणि ते लुगडं, आम्ही चहा पीत होतो तेव्हा जळून गेलं होतं. वरची गाठ आणि टीचभर पदर तेवढा राहिला होता.

मी रडायला लागले. अब्बा मला रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते त्यांच्या अंगठ्याकडं बघत होते.

"मला कळलं व्हतं," ते म्हणाले. "हाताला कळलं व्हतं."

घरी अम्मीनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, पलंगावरची तिची गादी ओढून जमिनीवर घेतली आणि कात्री शोधू लागली. तिच्या वडिलांनी दिलेली गादी होती ती. दर दोन वर्षांनी अब्बा स्वतः पिंजायचे.

"हे काय करायलीस?" अब्बा म्हणाले.

"पोरगी बुधवारी चालली म्हणता ना? रिकाम्या हातानं जाता का काय तिकडं?"

"तुझ्या बापाचा हाय तो."

"माझ्या बापाला काय कळत न्हाई का?" अम्मी म्हणाली. "आन् माझी पाठ काय नवी व्हायलीय का आता. धरा तिकडून."

मशीन बंद होतं. अब्बांनी माळ्यावरून आजोबांची कमान काढली, तिला तात, म्हणजे आतड्याची दोरी, बांधली आणि भाजलेल्या हातानं अंगणात तो कापूस पिंजला. मध्ये मध्ये खोकला यायचा, थांबायचे. मी घेते म्हणाले तर नको म्हणून मान हलवली.

सोमवारी मावशी यायच्या आधीच, पहिल्या बसनं आम्ही त्यांच्या गावाला गेलो. गाठोडं अब्बांच्या मांडीवर होतं. जळलेल्या लुगड्याची गाठ त्यांनी रुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. मी म्हणाले, "मी सांगते. चूक माझी आहे. लेबल मी वाचलं." ते म्हणाले, "वाचलं तू. गाठोडं माझ्या हातात दिलं व्हतं तिनं."

मावशी दारात भांडी घासत होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या, हात पदराला पुसले. "आगं बया, भाऊ! घरपोच? मशीनला पाय फुटले का काय?" मग त्यांनी गाठोड्याकडं पाहिलं. कापड त्यांचं नव्हतं.

अब्बांनी उभ्या उभ्याच सांगितलं. एकही वाक्य लांबवलं नाही. आगीत गेला म्हणाले. माझ्या दुकानात गेला, माझ्या हातनं गेला म्हणाले. लेबलचं नाव काढलं नाही. मग मीच सांगितलं, आणि सांगता सांगता ते किती लहान वाटायला लागलं. एक चिंधी कडेला शिवलेली, त्यावर तीन शब्द.

त्यांची मुलगी आतून येऊन उभी राहिली. मावशी ओट्यावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "लुगड्याचा तुकडा बी न्हाई ऱ्हायला?"

अब्बांनी रुमाल दिला. त्यांनी ती गाठ हातात घेतली. सोडवायचा प्रयत्न केला, पण पाण्यानं आणि धुरानं ती घट्ट झाली होती. मग तशीच मुठीत धरली.

"ह्यो कापूस आमच्या घरचा हाय," अब्बा म्हणाले. "पोरीच्या अम्मीनं दिलाय. चांगला हाय. पण तुमचा न्हाई, ते मला कळतंय. घ्यायचा नसंल तर मी न्हेतो परत."

मावशी मुठीतल्या गाठीकडं बघत होत्या. मुलगीच म्हणाली, "आई, चाचांचा हात बघ. पट्टी बी नीट न्हाई बांधलेली." तिनं आतून डबा आणला आणि अब्बांच्या हाताची पट्टी सोडून नवी बांधू लागली. मावशी तिच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भरा, भाऊ. हितंच भरा. माझ्यासमोर."

अब्बांनी त्यांच्या घरात, जमिनीवर, गादी भरली. नवी खोळ मावशींनी आधीच शिवून ठेवली होती. दाभणात दोरा मुलीनं ओवून दिला, कारण अब्बांच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. धुरामुळं, ते म्हणाले. टाके सारख्या अंतरावर पडत गेले. शेवटचा टाका झाल्यावर मावशींनी गादीवर तळहात फिरवला, कडा दाबून पाहिल्या, जसं गिऱ्हाईक बघतं तसं.

"चांगली झाली," त्या म्हणाल्या. "लई चांगली झाली, भाऊ." आणि मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. आत त्यांचं रडणं ऐकू येत होतं. मुलगी आम्हाला बसपर्यंत सोडायला आली.

वसतिगृहाच्या उरलेल्या गाद्या आम्ही दुकानामागं टाकल्या. चार पावसाळे झाले, अजून कुजल्या नाहीत. खोळी फाटल्या, आतल्या चिंध्या तशाच आहेत. मी आता वर्गात शिकवते तेव्हा तो गोल फळ्यावर काढते, कारण अभ्यासक्रमात आहे आणि तो खोटाही नाही. पण मुलांना सांगते, वस्तूत काय आहे हे तिच्यावर लिहिलेलं असतं तेव्हाही ती उघडून बघा. मुलं ते वहीत उतरवून घेतात.

मशीनचा पट्टा नवा बसवता आला असता. मी आणूनही दिला होता. अब्बांनी तो खुंटीला लावून ठेवला. दुकान ते रोज उघडतात, झाडतात, पायरीवर बसतात. पण कोणाच्या घरचा कापूस घेत नाहीत. कोणाला खरं कारण सांगत नाहीत.

गेल्या दिवाळीत मी घरी होते तेव्हा मार्केट यार्डात हमाली करणारे एक काका सायकलवर गाठोडं घेऊन आले. दर दोन वर्षांनी येणारे.

"न्हाई घेत आता," अब्बा म्हणाले.

"का वो चाचा? फोमवाल्यांनी लाच दिली का?"

"वय झालं."

"वय कशाचं. लेक पगार आणायली म्हणून माज आलाय तुम्हाला, दुसरं काय."

अब्बा हसले. "हाव," म्हणाले, "लेकीच्या पगारावर बसून खायलाव."

काकाही हसले. बोलता बोलता त्यांनी गाठोड्याची कड सैल करून एक पुंजका काढला आणि अब्बांपुढं धरला. "बरं, निदान हे तर सांगा. औंदा नवा मिसळलाय, दुकानदार म्हणतोय चांगला हाय. हाय का?"

अब्बांनी पुंजक्याकडं पाहिलं. हात मांडीवरून उचलला नाही. मग माझ्याकडं मान वळवून म्हणाले, "तिला इचारा. ती शिकलेली हाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी पुंजका हातात घेतला, बोटांत फिरवला. मला काहीच कळलं नाही.